मंगळवारची ओवी

मल्हारगंज, इंदूर
१६ नोव्हेंबर १९५४, मंगळवार

चि. पद्मजा,

आशीर्वाद. तू खुशाल असशीलच. मी इकडे ठीक आहे.

काल सचिवालयाच्या शेवटच्या लॉऱ्या ग्वाल्हेरला गेल्या. दर वर्षीचंच आहे, तरी दर वर्षी मला राग येतो. थंडी पडली की आपल्या मध्यभारताची राजधानी गाठोडं उचलते आणि फायली, चपराशी, कारकून, कारकुनांच्या बायका, त्यांच्या तुळशीच्या कुंड्या सगळं घेऊन ग्वाल्हेरला जाऊन बसते. उन्हाळ्यात परत येते. सरकारचं काय जातं? वर्ग माझा रिकामा होतो. सव्वीसातली नऊ मुलं गेली. त्यांच्या चटया गुंडाळून आज गव्हाणीत ठेवल्या. जयसिंगरावांच्या वडिलांचे घोडे जिथे दाणा खायचे तिथे आता चटया, लोकरीचे गुंडे आणि बासऱ्या. मल्हारगंजातले लोक अजून आपल्या शाळेला घोडाशाळाच म्हणतात. परवा कोपऱ्यावरचा शिंपी विचारत होता, “काय बाई, घोडे शिकले का?” मी म्हटलं, घोडे शिकून गेले, आता उरलेल्यांना पाठवा.

मला पुन्हा पहिली मिळाली, हे मागच्या पत्रात लिहिलं होतं. ते पोचलं असेल. त्याच्या आधीची चारही पोचली असतील.

आठवडाभरापूर्वी हरी नावाचं एक ध्यान वर्गात आलं. वडील मूळ हातोदचे, इथे दुकान घातलंय. नाव घालायला आले तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न, “बाईजी, नंबर कब कब मिलते?” मी त्यांना सगळं सांगितलं. इथे नंबर नाहीत, पास-नापास नाही. जयसिंगराव तरुणपणी जर्मनीत राहिले, तिथे एक शाळा पाहून आले, तिच्यावरून ही काढली. पोरगा असो की पोरगी, विणायला शिकतो. पुस्तक आपलं आपण लिहितो, आपण चितारतो. नंबराऐवजी हिवाळ्यात बाई प्रत्येक मुलासाठी एक ओवी रचतात, फक्त त्याच्यासाठी. ज्या वारी मूल जन्मलं त्या वारी ते उभं राहून आपली ओवी म्हणतं, वर्षभर. आणि पहिलीची बाई तीच आठवीपर्यंत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मग म्हणाले, “याने की आठ साल एकच बाई? आणि बाईच खराब निघाली तर?”

मी तेव्हा हसले. दुपारी मेथी निवडताना ते पुन्हा आठवलं, तेव्हा हसू आलं नाही.

हरीला पहिल्या दिवशी आपले तीन प्रश्न विचारले, सगळ्यांना विचारते तसे. कुठे बसायला आवडतं? “दरवाजाजवळ, भागायला बरं.” कशाची भीती वाटते? “शेपूट नसलेल्या कुत्र्याची.” काय हाक मारलेली आवडते? “भिया बोलना.” सहा वर्षांचं पोर, म्हणे मला दादा म्हणा! मी वहीत तसंच लिहून ठेवलं आणि भियाच म्हणते. वर्गात मफलर कानाला गच्च बांधून बसतो. गाताना कान मोकळे हवेत हा नियम, म्हणून रोज सोडायला लावते. तुलाही लावला होता. तू एकदा सांगितल्यावर पुन्हा कधी बांधला नाहीस. हा दुसऱ्या दिवशी बांधून हजर.

या वर्गात तुझ्यासारखं मंगळवारी जन्मलेलं एकही मूल नाही. हिवाळ्यात ओव्या मिळाल्या तरी मंगळवारी कोणी उभं राहणार नाही, मी सरळ गाणं सुरू करीन.

बावीस डिसेंबरला, सर्वांत लहान दिवशी, नेहमीसारखी पणत्यांची संध्याकाळ आहे. तुझ्या वर्गातली इथे असलेली सगळी येणार आहेत. तू आलीस तर तुझी पणती ठेवायला जागा आहे. बाबांना तिकिटाचं मी लिहिलंय. मागच्या वर्षीचा राग अजून असेल तर असू दे, पण एका ओवीवरून कोणी घर सोडत नाही, हे तुलाही आता कळलं असेल. चौदा-पंधराव्या वर्षी माणूस जरा जास्तच तापतं.

आई


३० नोव्हेंबर १९५४

चि. पद्मजा,

ग्वाल्हेरहून बाबांचं कार्ड आलं. नेहमीचं तीन ओळींचं. ‘येथे थंडी फार. पद्मजा ठीक. सहामाहीत तिसरी आली.’ आपला नंबरांवर विश्वास नाही, हे तुला माहीत आहे. मी शाळेत कुणाला सांगितलं नाही. फक्त वाण्याला सांगितलं. तो म्हणाला, “वा बाईजी, मिठाई तो बनती है,” आणि स्वतःच गुळाचा खडा काढून दिला. तो मी तिथेच खाल्ला.

इकडची बातमी मोठी आहे. तुमच्या वर्गातल्या उदयसिंहाचं सूर्यघड्याळ राजवाड्याजवळच्या प्रदर्शनात मांडलं होतं. त्याचं आठवीच्या वर्षाचं काम तेच होतं, आठवतं ना? फरशीच्या तुकड्यावर छिन्नीने आकडे कोरलेले, सहाचा आकडा उलटा. परीक्षक म्हणाले, आकडा चुकलाय. उदयसिंह म्हणाला, “साहेब, सहा वाजता ऊन नसतं, कोण बघतंय?” पहिलं बक्षीस मिळालं. घोडाशाळेचं नाव दैनिकात छापून आलं. जयसिंगरावांनी ते कात्रण इतक्यांना दाखवलं की घडीवर फाटलं.

आणि शाम! अकरा वर्षांचा होईपर्यंत ज्याला अक्षर लागत नव्हतं तो शाम परवा सकाळी प्रार्थनेनंतर लहान मुलांपुढे उभा राहिला आणि नर्मदेवर स्वतः लिहिलेली दोन पानं वाचली. मधे अडला, बोट ठेवलं, पुढे गेला. त्याची आई मागे उभी राहून रडत होती. मला वाटलं, आठ वर्षांत दुसरं काही केलं नसतं तरी चाललं असतं.

तुझी पत्रं येत नाहीत त्याचं कारण मागच्या वर्षीची ओवीच असेल तर एकदा लिहून टाकते. ती जरा घाईत झाली, कबूल. वर्गभर मुलांच्या ओव्या लिहायच्या, तुझी शेवटी यायची. घरचं माणूस पंगत उठल्यावर जेवतं, तसं. त्यात कमीपणा कसला? तुझ्या ओव्या काही वाईट नसायच्या. चौथीतली तर मी अजून विणताना म्हणते:

घाई नको करू बाई । धागा तुटे, गाठ राही ।
उसवूनि पुन्हा पाही । चूक कोठे जाहली ॥

त्या वर्षी तू मोजे विणत होतीस. तीनदा उसवले मी. उदयसिंहाच्या मोज्याला टाचेत भोक होतं आणि तो मी मेळाव्यात मधोमध टांगला, हे तुला लागलं होतं, मला दिसलं होतं. पण उदयसिंहाने आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी पुरं केलं होतं. तुझ्याकडून मला चांगल्याची अपेक्षा होती. अपेक्षा ठेवणं हीसुद्धा मायाच असते.

हे वाक्य लिहून मी जरा थांबले. वर्गात बोलताना ते बरं वाटतं. कागदावर तितकंसं बरं दिसत नाही.

थंडी वाढलीय. सराफ्यात गराडूचे तळलेले काप आले. एकटीसाठी आणावेसे वाटत नाहीत.

आई


९ डिसेंबर १९५४

पद्मजा,

आज तुझ्या वर्गातल्या सरलाचं पत्र आलं, ग्वाल्हेरच्या मुरारहून. तिच्या वडिलांचं ऑफिस यंदाही तिकडे गेलंय. चार पानं आहेत, डाव्या हाताने लिहिलेली, शाई पुसटलेली. तिसऱ्या पानावर लिहिते, ‘बाई, उन्हाळ्यात इंदूरला भेटले तेव्हा बोलले नाही, पद्मजाने शपथ घातली होती. पण आता राहवत नाही. या वर्षी जानेवारीत ती लष्कर भागातून चालत आमच्या क्वार्टरवर आली. हातात तुमच्या अक्षरातला कागद होता. म्हणाली, ही तुझी आहे, चुकून माझ्याकडे आली. बाई, मी दर गुरुवारी म्हणते. इथल्या शाळेत डाव्या हाताने लिहिलं म्हणून मास्तर छडी मारायचे. ही ओवी नसती तर मी शाळा सोडली असती.’

पत्र वाचून मी वर्गात गेले नाही. शेजारच्या वर्गातल्या द्वारकाबाईंना सांगितलं, डोकं दुखतंय, मुलांना अंगणात सोडा.

मी मागच्या पत्रात खोटं लिहिलं. ओवी घाईत झाली नव्हती. ती तुझ्यासाठी झालीच नव्हती. तुला ते माहीत आहे. मला माहीत आहे. फक्त कागदावर यायचं राहिलं होतं, ते आज येऊ दे.

दिवाळीच्या सुट्टीत मी सगळ्यांच्या ओव्या लिहिल्या. ग्वाल्हेरला जाणाऱ्यांच्या आधी लिहून त्यांच्या हाती दिल्या. सरला दर हिवाळ्यात आजीजवळ राहायची, त्या वर्षी तिच्या वडिलांनी ऐन वेळी तिला बरोबर नेलं आणि तिची ओवी माझ्या पेटीत राहिली. बावीस तारखेच्या दुपारी फक्त तुझी लिहायची होती. मी दोन तास बसले. काही सुचलं नाही. उदयसिंह विहिरीच्या रहाटाला भितो, शामला ‘श’ दिसला की घाम फुटतो, सरला नवीन जागी गेली की आधी भिंतीला हात लावून बघते, सगळं मला ठाऊक होतं. तुझ्याबद्दल इतकंच आठवलं की तू त्रास देत नाहीस. त्यावर ओवी होत नाही.

अंगणात झेंडूची वाट घालून झाली होती. मुलं आंघोळी करून आली होती. मी सरलाची ओवी घेतली आणि घडी करून तुझ्या पणतीखाली ठेवली. मला वाटलं, कुणाला कळणार? ओवीत नाव तर नव्हतं.

त्या झेंडूच्या वळणावळणाच्या वाटेने प्रत्येकाने एकट्याने मधोमध जायचं, मोठ्या समईवरून आपली पणती लावायची आणि परतताना आवडेल तिथे ठेवून ओवी म्हणायची. तू शेवटची गेलीस. पणती लावलीस, घडी उघडलीस, वाचलंस. एकदाच माझ्याकडे पाहिलंस. मग पणती उजव्या हातातून डाव्या हातात घेतलीस आणि मोठ्याने, एकही अक्षर न चुकवता म्हटलीस:

सारे जग उजवे गे । डावा हात माझा जागे ।
उलट्या टाक्याच्या मागे । फूल सुलट उमटे ॥

वर्गात एकच डावरी मुलगी होती आणि ती ग्वाल्हेरला होती, हे त्या अंगणात प्रत्येकाला ठाऊक होतं. कोणी हसलं नाही. शामने मान खाली घातली. तू एखादी ओळ चुकली असतीस, रडली असतीस, कागद फेकला असतास तर मला काहीतरी करता आलं असतं. तू चांगल्या विद्यार्थिनीसारखी सगळं नीट केलंस आणि जाऊन रांगेत उभी राहिलीस. बाबा नाताळच्या सुट्टीला आले होते, चौथ्या दिवशी त्यांच्याबरोबर गेलीस. उन्हाळ्यात राजधानी परत आली, तू आली नाहीस. बाराही महिने ग्वाल्हेरला राहणाऱ्या कचेरीत बाबांनी बदली मागून घेतली. माझ्याशी भांडले नाहीत. ‘पोरगी एकटी कशी राहील?’ एवढंच लिहिलं. मी एकटी कशी राहीन, हे त्यांनाही विचारावंसं वाटलं नाही. आणि मी सांगितलं नाही.

हे असं का झालं ते सांगते. समर्थन नाही. शाळेच्या पहिल्या हिवाळ्यात तू सहा वर्षांची होतीस. तुझी पहिली ओवी मी मोगऱ्यावर लिहिली होती, सगळ्यांत आधी तुझीच लिहिली होती. ती ऐकून द्वारकाबाई सहज म्हणाल्या, “आपल्या लेकीला तर बाई चांगलंच देणार जी.” त्या विसरल्याही असतील. मी आठ वर्षं विसरले नाही. त्या दिवसापासून ठरवलं की दारातून आत आलं की पद्मजा माझी कोणी नाही. इतरांसारखं मलाही ‘बाई’ म्हणायचं. तू इतकी शहाणी की घरीही बाईच म्हणू लागलीस, आणि मला त्याचा अभिमान वाटला. पक्षपात होऊ नये म्हणून मी तुझ्याशी केला तसा पक्षपात कुणाच्या शत्रूनेही केला नसेल.

आणि तू ती ओवी फाडली नाहीस. ज्याची त्याला नेऊन दिलीस. थंडीत लष्करापासून मुरारपर्यंत चालत. ते काम माझं होतं.

आई


१७ डिसेंबर १९५४

पद्मजा,

तुझं कार्ड आलं. वर्षात पहिलं. पोस्टमन ते देताना म्हणाला, “ग्वाल्हेरसे है, बाईजी,” आणि मी पाणी भरायची बादली नळाखाली तशीच ठेवून उंबऱ्यावर बसले. पाणी वाहून गेलं.

तू लिहिलंस ते सगळं इथे उतरवून ठेवते, म्हणजे मी वाचलं हे तुला कळेल.

‘ती. बाई यांस, सा. न. वि. वि. तुमची सर्व पत्रे मिळाली. त्यांत उदयसिंह, शाम, हरी व शिंपी यांच्या हकिकती आहेत. तुम्ही लिहिता, तू खुशाल असशीलच. विचारलंत कधीच नाही. २२ तारखेस येणे जमणार नाही. पद्मजा.’

खरं आहे. मी सगळी पत्रं आठवून पाहिली. मुलांचं कौतुक सांगायला मी तुलाच पत्र लिहीत होते. वर्गात तुझ्यासमोर करत होते तेच टपालाने करत राहिले.

तुझ्या पहिलीच्या वेळची वही काढली. चोवीस मुलांची तीन-तीन उत्तरं आहेत. तुझ्या नावापुढे तीन रेघा रिकाम्या. घरच्या पोरीला काय विचारायचं, असं तेव्हा वाटलं होतं. आठ वर्षं उशीर झालाय, तरी विचारते. उत्तर द्यायलाच हवं असं नाही.

तू कशी आहेस?

कुठे बसायला आवडतं?
कशाची भीती वाटते?
काय हाक मारलेली आवडते?

एवढंच.

आई


२३ डिसेंबर १९५४

पद्मजा,

काल पणत्या झाल्या. तुझं उत्तर नाही, ते यायला वेळ लागेल किंवा येणारही नाही. मी वाट बघत नाही असं लिहिणार होते. बघते आहे.

यंदा लहान मुलं सतरा आणि तुमच्या वर्गातली अकरा. झेंडू मिळाला नाही पुरेसा, म्हणून अर्धी वाट गव्हाच्या ओंब्यांची केली. द्वारकाबाईंनी तिळाच्या वड्या केल्या होत्या. संक्रांतीच्या आधी तीळ कशाला, म्हणून जयसिंगराव कुरकुरले आणि चार खाल्ल्या. हरी मधोमध पोचल्यावर पणती लावायची विसरून आकाशाकडे बघत राहिला. मी बाहेरून खूण केली तर ओरडला, “रुको ना बाई, तारा निकल रहा है!” सगळं अंगण थांबलं. तारा निघाला, मगच त्याने पणती लावली.

उदयसिंहाने माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, “पद्मजा नाही आली?” मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, “बाई, त्या दिवशी आम्ही काही बोललो नाही, आम्हाला बोलायला पाहिजे होतं.” पंधरा वर्षांचा मुलगा. मी त्याला सांगितलं, तुम्हाला नाही, मला.

मुलं गेल्यावर पणत्या अजून तेवत होत्या. बाईंनी त्या वाटेने जायचं नसतं, बाहेर उभं राहायचं असतं. काल मी गेले. चपला काढल्या, फरशी बर्फासारखी गार होती. बाहेरून बघताना वाट एवढीशी वाटते, आत ती फार लांब आहे. मधोमध पोचल्यावर मागे वळून पाहिलं तर अंगणाच्या कडेला कोणी नव्हतं. मला पहिल्यांदा कळलं की तिथून बाई किती दूर दिसत असतील. तू आठ हिवाळे तिथे उभी राहून माझ्याकडे पाहिलंस.

पणती लावली आणि तुझ्या जागेवर ठेवली. ओवी नव्हती. नुसतीच उभी राहिले.

आई


११ जानेवारी १९५५, मंगळवार

चि. पमे,

हे नाव आठवतं का, माहीत नाही. शाळा सुरू होण्याआधी तुला हे म्हणत होते. तिसऱ्या प्रश्नाला तू ‘अजून ठरलेलं नाही’ असं लिहिलंस, म्हणून तोवर हे वापरते. आवडलं नाही तर खोडून टाक. मला बाईच म्हण, चालेल, मी ते कमावलेलं आहे.

तुझं कार्ड शनिवारी आलं. तू लिहिलंस, ‘१. खोलीच्या मधोमध, खिडकीपासून व दारापासून लांब. थंडीत माझा उजवा कान दुखतो. सहा वर्षांची असल्यापासून. तुम्ही मफलर सोडायला सांगितलात म्हणून सोडला. २. मंगळवारची.’

पमे, तुझी जागा खिडकीपाशी होती. मीच दिली होती, पहिलीपासून आठवीपर्यंत. मला वाटायचं, ही गाताना मान एका बाजूला कलती करून उभी राहते ती लक्ष देऊन ऐकते म्हणून. इतर मुलांना मी ते दाखवायचे. बघा, पद्मजा कशी ऐकते.

शनिवार-रविवार मला काही खाणं गेलं नाही. हे तुला वाईट वाटावं म्हणून लिहीत नाही. तू कशी आहेस ते सांगितलंस, मी कशी आहे ते सांगते. घर फार शांत आहे. मी पत्रांत कधी लिहिलं नाही, पण शाळा सुटल्यावर मी अर्धा तास वर्गातच बसते, कारण घरी कुलूप असतं. दोन ताटं मांडायची सवय उन्हाळ्यापर्यंत गेली नव्हती. तू नाहीस म्हणून मला वाईट वाटतं, हे वाक्य मी वर्षभर कुठल्याही पत्रात घातलं नाही. आता घातलं.

सोबत कानटोपी पाठवते आहे. कानाशी दुहेरी विणली आहे. मागे एक टाका सुटलाय, पाठवायच्या आधी दिसला. उसवला नाही.

काल ओवीही झाली. दोन तास लागले नाहीत. तुझं कार्ड समोर ठेवलं आणि लिहीत गेले:

कान दुखे, बोलली ना । थंडी सोसे, हालली ना ।
ऐकू यावे कसे कुणा । गात होते सारेजण ॥

ही काही स्तुती नाही. वर्षभर म्हणायची ओवी अशी नसते, मला कळतं. पण ही दुसऱ्या कुणाची नाही. तू मंगळवारला भितेस तर तू म्हणू नकोस. मी म्हणेन.

आज म्हटली. सकाळी मुलं चटयांवर बसली, ओवीची वेळ झाली. मंगळवारी कोणी उभं राहत नाही हे त्यांना आता पाठ आहे, म्हणून हरीने गाणं सुरूसुद्धा केलं. मफलर बांधलेला होता. मी त्याला सोडायला सांगितलं नाही, यापुढे कुणालाच सांगणार नाही. म्हटलं, भिया, थांब जरा. आणि मी उभी राहिले. मुलं एकमेकांकडे बघायला लागली, बाईंची कसली ओवी? तिसऱ्या शब्दाला माझा आवाज गेला. पुन्हा पहिल्यापासून म्हटली.

हरीने लगेच हात वर केला. “बाई, ये किसकी है?”

मी म्हटलं, “माझ्या मुलीची.”

याच कौलांखाली तू आठ वर्षं माझ्यासमोर बसलीस आणि हे दोन शब्द मी इथे एकदाही उच्चारले नव्हते. दारात द्वारकाबाई लोकर घेऊन उभ्या होत्या.

हरी मात्र माझ्याकडे संशयाने बघत होता. “बाई, तुमको लडकी भी है?”

“आहे,” मी म्हटलं. “ग्वाल्हेरला असते. थंडीत तिचा उजवा कान दुखतो.”

आई